नगरपालिकेचा ठेवा : एका शोधयात्रेच्या प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

पुणे महानगरपालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी अस्तित्वात आली. येत्या फेब्रुवारीत तिला ७५ वर्षे पूर्ण होतील, आणि त्या निमित्ताने महापालिकेविषयी बरेच बोलले व लिहिले जाईल. आमच्या मनात मात्र तिच्या आधीची संस्था आहे. पेशवाई संपल्यानंतर चार दशकांनी, १८५७-५८ च्या सुमारास, पुण्यात नगरपालिका सुरू झाली आणि नव्वदहून अधिक वर्षे पेठांचा कारभार तिने पाहिला. ती आणि पुणे उपनगर नगरपालिका एकत्र करून महापालिका उभी राहिली. नगरपालिकेने बांधलेल्या इमारतीत आपण आजही भाजी घेतो, पण ती कोणी बांधली हे विचारले तर निम्मे लोक ‘इंग्रजांनी’ म्हणतात आणि उरलेले ‘पेशव्यांनी’. माझ्या नववीच्या वर्गात हेच उत्तर आले आणि तिथूनच या प्रकल्पाची सुरुवात झाली.

आज पहिली बैठक झाली. चमूत आम्ही पाच जण आहोत : इतिहास-भूगोल शिकवणारी मी, आयुष्यभर जमिनी मोजलेले आमच्या सोसायटीतील निवृत्त भूमापक काका, संगणक क्षेत्रात काम करणारी माझी एक माजी विद्यार्थिनी आणि सध्याच्या नववीतील दोन मुले. माजी विद्यार्थिनीनेच जिओकॅशिंग, म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून लपवलेला डबा शोधण्याचा खेळ, सुचवला. मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रहांच्या संकेतांतील हेतुपुरस्सर ठेवलेली चूक काढून टाकली, तेव्हा सामान्य माणसालाही आपली जागा काही मीटरांपर्यंत अचूक कळू लागली. त्यानंतर एकदोन दिवसांतच, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यात एक डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले, आणि शोधणाऱ्याने डब्यातील वहीत नाव लिहावे अशी रीत पडली. या खेळाचे स्वरूप आजही तेच आहे.

शब्दाची अडचण पहिल्याच बैठकीत आली. या खेळात लपवलेल्या डब्याला ‘कॅश’ म्हणतात, पण ‘कॅश’ म्हटले की मुलांना आणि काकांनाही रोकड आठवते. आम्ही ‘ठेवा’ हा शब्द घेतला. जपून ठेवलेली वस्तू आणि वारसा हे दोन्ही अर्थ तो एकट्याने पेलतो, म्हणून प्रकल्पाचे नावही तेच ठेवले.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

आजचा सगळा वेळ एका वादात गेला आणि तो वाद आवश्यक होता. काकांना कात्रजचा नळ हवा होता. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने शहरात पाणी आणले गेले. वाटेतील उच्छ्वास, म्हणजे नळातील हवा बाहेर सोडणारी बांधकामे, आणि पेठांतील हौद ही त्या व्यवस्थेची अंगे आहेत. काकांचे म्हणणे असे की, नगरपालिका आली तेव्हा पुणेकर हेच पाणी पीत होते, मग ते वगळायचे कसे? माझे म्हणणे असे की, पेशव्यांचे काम पेशव्यांच्या नावे राहू द्यावे. ज्या संस्थेला कोणी ओळखत नाही तिच्यावर शोधयात्रा बेतायची आणि अर्धे थांबे शनिवारवाड्याच्या सावलीत ठेवायचे, याला अर्थ नाही.

शेवटी एक कसोटी ठरली : जिथे नगरपालिकेने काही ठरवले, बांधले, नाकारले किंवा तिचा कारभार जिथून चालला, तीच जागा थांबा होईल. हौद नकाशावर राहतील, पण त्यांच्यावर प्रश्न विचारला जाणार नाही. काकांना हे पूर्णपणे पटलेले नाही, आणि ती नोंद मी त्यांच्या सांगण्यावरूनच येथे करीत आहे.

१ डिसेंबर २०२४, रविवार

सकाळी सात वाजता मंडईत. आमच्यापैकी तिघे स्वारगेटहून भुयारी मेट्रोने आले. हा मार्ग सप्टेंबरअखेरीस सुरू झाला आहे. स्थानकाबाहेर आल्यावर फोनला आपली जागा नीट समजायला दोन-तीन मिनिटे लागतात, असे लक्षात आले. सहभागी लोकांना ही सूचना आधीच द्यावी लागेल.

महात्मा फुले मंडईची इमारत १८८६ मध्ये पूर्ण झाली आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने तिला रे मार्केट म्हणत. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत, उघड्यावर भरे. नगरपालिकेने बाजाराला छप्पर, ओटे आणि गाळे दिले, म्हणजे विकणाऱ्याला ठरलेली जागा आणि घेणाऱ्याला ठरलेला पत्ता दिला. मधल्या मनोऱ्याकडे मान वर करून पाहताना पुष्कळांच्या लक्षात येत नाही की तो अष्टकोनी आहे. मुलांनी एकेक बाजू मोजत फेरी मारली तेव्हा एका गाळ्यावरच्या मावशींनी त्यांना हटकले. मी काय चालले आहे ते सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मोजा की, पण गिऱ्हाइकाच्या आड येऊ नका. आणि बाई, मुलांना सांगा, हा गाळा माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंपासून आहे.” चार पिढ्यांची ही नोंद कोणत्याही फलकावर नाही.

मंडईतला लोकमान्य टिळकांचा पुतळा १९२४ मधील आहे. न. चिं. केळकर त्या सुमारास नगरपालिकेचे अध्यक्ष होते आणि अनावरण मोतीलाल नेहरूंच्या हस्ते झाले. रे मार्केटला महात्मा फुले यांचे नाव मिळाले ते १९३० च्या दशकाच्या अखेरीस, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना. एकाच आवारात त्या संस्थेचे तीन निर्णय आहेत : इमारत, पुतळा आणि नाव. पहिल्या आणि शेवटच्या निर्णयात अर्ध्या शतकाचे अंतर आहे आणि तिन्ही निर्णय घेणारी माणसे वेगळी होती. मंडईला केवळ ‘जुनी सुंदर इमारत’ म्हणून थांबा करायचा नाही, हे आज नक्की झाले.

८ डिसेंबर २०२४, रविवार

डबे कुठे ठेवायचे यावर निर्णय : गर्दीच्या जागी एकही नाही. २०१० मध्ये जर्मन बेकरीत आणि जुलै २०१४ मध्ये फरासखान्याजवळ झालेले स्फोट या शहराने पाहिलेले आहेत. दगडूशेठ मंदिराच्या किंवा मंडईच्या परिसरात कोणी बेवारस डबी दडवत आहे असे दिसले, तर लोकांनी पोलिसांना बोलावणे हेच योग्य ठरेल. म्हणून मधल्या सर्व थांब्यांवर फक्त पाहून उत्तर द्यायचे, आणि खरा डबा एकच, तोही मालकाच्या लेखी परवानगीने खाजगी जागेत.

यातून आणखी एक अडचण आपोआप सुटली. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर असावे असा या खेळाचा नियम आहे आणि पेठांमध्ये तो पाळणे कठीण होते. नुसत्या प्रश्नाच्या थांब्याला तो लागू होत नाही.

१५ डिसेंबर २०२४, रविवार

विश्रामबाग वाडा. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या या वाड्यात १८२१ मध्ये कंपनी सरकारची संस्कृत पाठशाळा सुरू झाली, १८७९ च्या आगीत त्याचे मोठे नुकसान झाले, आणि पुढे येथे नगरपालिकेची कचेरी आली. महापालिका झाल्यावरही सुरुवातीची काही वर्षे कारभार येथूनच चालला. रस्त्यावर उभे राहून सुरूदार लाकडी खांब आणि सज्जा पाहणारा प्रत्येक जण ‘पेशव्यांचा वाडा’ म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. परंतु घरपट्टी भरायला आलेला, नळासाठी अर्ज घेऊन आलेला, गटाराची तक्रार घेऊन पायऱ्या चढलेला माणूस याच दारातून आत गेला, हे कोणी सांगत नाही.

येथे माझी आणि माजी विद्यार्थिनीची दीर्घ चर्चा झाली. २५ जून १९३४ रोजी नगरपालिका गांधीजींना मानपत्र देणार होती. त्या समारंभाच्या वेळी गांधीजी आत असल्याच्या समजुतीने एका मोटारीवर बॉम्ब टाकला गेला आणि काही लोक जखमी झाले. हा प्रसंग थांब्याच्या मजकुरात घ्यावा का? तिचे मत, शोधाच्या आनंदात तो बसत नाही. माझे मत, नगरपालिकेच्या सभागृहाचा इतिहास सांगताना तो गाळणे म्हणजे मुलांना अर्धेच सांगणे होय. मजकूर तीन वाक्यांचा ठेवून तो घेतला आहे.

वाड्याचा प्रश्न दर्शनी भागावरच बेतला आहे, म्हणजे आत प्रवेश असो वा नसो, उत्तर रस्त्यावरून मिळेल. उत्तरे येथे लिहीत नाही, कारण या नोंदी सहभागी लोकही वाचणार आहेत.

२९ डिसेंबर २०२४, रविवार

ज्या गोष्टीसाठी मला हा प्रकल्प सर्वांत अधिक हवा होता, तिच्यापाशी आम्ही आठवडाभर अडलो होतो.

जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्या काळी सभासद सरकारनियुक्त असत आणि म्हणून सरकारच्या मर्जीविरुद्ध बोलणे अवघड असे. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या तिजोरीतून एक हजार रुपये खर्च करावे असा प्रस्ताव आला. हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा अशी भूमिका घेऊन ३२ सभासदांपैकी एकट्या फुल्यांनी विरोध केला. प्रस्ताव संमत झाला.

आता याचा थांबा कुठे करायचा? बाजार बांधला तर दगड उरतो, पूल बांधला तर कमानी उरतात. विरोधी मताचे काय उरते? ते जिथे दिले गेले त्या जागेवर पाहून उत्तर देता येईल असे काहीही नाही. भूमापक काका म्हणाले, जिथे खूणच नाही तिथे मोजणी होत नाही. मी गंज पेठेतील, म्हणजे आताच्या महात्मा फुले पेठेतील, फुलेवाड्याचा पर्याय मांडला. १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला ते हे घर. थांबा म्हणून तो सर्वांनाच मान्य झाला, पण तो वाडा फुल्यांच्या घराचा इतिहास सांगतो, नगरपालिकेतल्या मताचा नाही. शिवाय ज्या नगरपालिकेने १९२४ मध्ये मंडईत टिळकांचा पुतळा उभारला, तिच्यातच १९२५ मध्ये केशवराव जेधे यांनी फुल्यांच्या पुतळ्याचा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला नाही. म्हणजे त्या काळात आणखी एक खूण होऊ शकली असती, तीही झाली नाही.

मार्ग नववीतल्या मुलीने काढला. ती नकाशावर कसबा पेठेचे अक्षांश पाहत होती. तिने विचारले, “बाई, शेवटचा डबा शनिवारवाड्याच्या आसपास असला तर अक्षांश १८ अंश ३१ मिनिटे येतो ना? बत्तीसमधून एक गेला की एकतीसच राहतात.”

मंडई आणि विश्रामबाग वाडा १८ अंश ३० मिनिटांच्या पट्ट्यात आहेत. उत्तरेकडे चालत अप्पा बळवंत चौकाच्या आसपास आपण ३१ मिनिटांची रेषा ओलांडतो आणि कसबा पेठ, शनिवारवाडा, मुठा नदीवरचा नवा पूल हे सगळे तिच्या पलीकडे येते. हा निव्वळ योगायोग आहे. पण फुलेवाड्यात प्रश्न विचारायचा, ३२ सभासदांमधून विरोध करणारा एक वजा करायचा आणि येणारी संख्या अंतिम ठेव्याच्या अक्षांशातील मिनिटे म्हणून धरायची, असे ठरले. ज्या मताची खूण शहरात नाही, त्याच्यावाचून डबा सापडणार नाही. मुलीचे नाव येथे देता येत नाही, परंतु ही कल्पना तिची आहे एवढे नोंदवून ठेवते.

५ जानेवारी २०२५, रविवार

कसबा पेठेतील एका वाड्याच्या मालकांनी दिंडीदरवाजाच्या आत, देवळीत, डबा ठेवण्याची लेखी परवानगी दिली. वेळ सकाळी आठ ते सायंकाळी सहा. त्यांच्या आजोबांनी नगरपालिकेत कारकुनी केली होती, हे परवानगीपत्रावर सही करताना त्यांनी सहज सांगितले.

जागेची मोजणी सोपी नव्हती. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे अक्षांशात सुमारे १.८५ मीटर आणि आपल्याकडे रेखांशात सुमारे १.७५ मीटर, पण अरुंद बोळात उंच भिंतींवर आपटून येणाऱ्या संकेतांमुळे फोनचा ठिपका वीस-पंचवीस मीटर भटकतो. काकांच्या पद्धतीने तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या वेळी, प्रत्येकी दहा वाचने घेऊन सरासरी काढली. त्यांनी सर्व वाचने फूलस्केप कागदावर रकाने आखून लिहिली आहेत आणि तो कागद फाइलला जोडला आहे.

१२ जानेवारी २०२५, रविवार

एक चूक सापडली आणि ती माझी होती. तपासणीसाठी केलेल्या तक्त्यात मी दशांश अंशांतील अक्षांश १८.५१९ हा आकडा मिनिटांच्या रकान्यात सरळ उतरवला, म्हणजे १८ अंश ५१.९ मिनिटे. हे ठिकाण पुण्याच्या उत्तरेस, राजगुरुनगरच्या बाजूला पडते. खरे रूपांतर करताना दशांश भागाला साठने गुणायचे असते : ०.५१९ गुणिले ६०, म्हणजे ३१.१४. भूगोल शिकवणाऱ्या व्यक्तीकडून हे व्हायला नको होते. यापुढे प्रत्येक आकडा दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचा असे ठरले.

२६ जानेवारी २०२५, रविवार

सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले असून दूषित पाण्याचा संशय व्यक्त होत आहे. दोन पालकांनी फोन करून शोधयात्रा पुढे ढकलणार का, असे विचारले. त्यांची काळजी मला रास्त वाटते. ढकलायची नाही, पण प्रत्येकाने घरून उकळलेले पाणी आणायचे आणि वाटेत रस, बर्फाचा गोळा वगैरे काही घ्यायचे नाही, असे कळवले.

या बातम्यांमुळे काकांचा नोव्हेंबरातला आग्रह पुन्हा आठवला. खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले आणि शहर आजही त्या बाजूच्या धरणांवरच अवलंबून आहे. नळाला आलेले पाणी पिण्याजोगे आहे असा भरवसा लोकांना देणे, हे नगरपालिकेचे पहिले काम होते आणि तिच्या वारसदार संस्थेचेही तेच आहे. मंडईच्या थांब्यावर पाण्याविषयी एक परिच्छेद वाढवला. काकांनी तो स्वतः लिहिला आणि त्यात कात्रजचा नळही आणला. मी तो खोडला नाही.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

चाचणी फेरी. शाळेतील चार शिक्षकांना काहीही न सांगता पाठवले. फुलेवाडा, मंडई, विश्रामबाग वाडा, नवा पूल आणि तिथून मागे कसब्यात, एवढ्याला दोन तास चाळीस मिनिटे लागली.

नव्या पुलावरचा प्रश्न बदलावा लागला. १९२३ चा हा दगडी कमानींचा पूल तेव्हाचे गव्हर्नर लॉइड यांच्या नावाने ओळखला जाई. कमानी मोजताना लोक कठड्यावरून वाकतात, आणि ते धोक्याचे आहे. आता प्रश्न नदीकाठच्या पदपथावरून विचारला आहे. येथून पलीकडे पूर्वीचे भांबुर्डे, म्हणजे आजचे शिवाजीनगर, आणि पुलाच्या त्या टोकाशी महापालिकेची आजची इमारत दिसते. विश्रामबाग वाड्यातून तिथपर्यंतचे अंतर पायी पंधरा-वीस मिनिटांचे आहे.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

काल महापालिकेला ७५ वर्षे पूर्ण झाली. आज सकाळी साडेसातला फुलेवाड्यापासून अकरा गट निघाले, एकूण ४६ माणसे. सर्वांत लहान आठ वर्षांचा, सर्वांत ज्येष्ठ आजी ७८ वर्षांच्या. आजींनी मंडईपर्यंत चालून पुढे रिक्षा केली.

नऊ गटांनी डबा शोधला. एक गट विश्रामबाग वाड्यापाशी थांबला, कारण त्यातील एका काकूंना तेथील मजकूर वाचून आपल्या वडिलांनी सांगितलेल्या नगरपालिका निवडणुकीच्या गोष्टी आठवल्या आणि बाकीचे त्या ऐकत बसले. त्यांना शोध अपुरा राहिल्याचे वाईट वाटले नाही, आणि मलाही नाही.

अकरावा गट महाविद्यालयीन मुलांचा होता. फुलेवाड्यात घाईघाईने मजकूर वाचून त्यांनी ३२ हीच संख्या धरली, एक वजा केला नाही. अक्षांशातील एका मिनिटाचे अंतर सुमारे १.८५ किलोमीटर. ते नदी ओलांडून उत्तरेला बरेच पुढे गेले आणि तिथून मला फोन केला : “बाई, इथे तर काहीच नाही.” मी उत्तर सांगितले नाही, फक्त पहिल्या थांब्याचा मजकूर पुन्हा, शेवटपर्यंत वाचायला सांगितले. पाऊण तासाने ते कसब्यात पोहोचले. वहीत त्यांनी नावे लिहिली आहेत आणि खाली एकच ओळ : ‘आम्ही फुल्यांना मोजायचे विसरलो होतो.’

२ मार्च २०२५, रविवार

देखभालीची पहिली फेरी. वही कोरडी आहे, पेन्सिल नवी ठेवली. शोधयात्रेनंतर आमच्या ओळखीबाहेरची सहा नावे वहीत आली आहेत, त्यांतील दोन सोलापूरची. वाड्याच्या मालकांनी डब्याशेजारी आजोबांचा एक फोटो चौकटीत लावून ठेवला आहे. पागोटे घातलेले, हातात कागदांची गुंडाळी. आम्ही तशी विनंती केली नव्हती. पुढची फेरी पावसाळ्यापूर्वी, मे अखेरीस, आणि तेव्हा उपनगर नगरपालिकेच्या थांब्यांची पहिली यादी काका आणणार आहेत.